फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं, टोल्यापर्यंत कोण आणणार?

धान विक्रीची नोंदणी करायची तर ओटीपी पाहिजे. रेशनची ई-केवायसी, फार्मर आयडी, ई-पीक पाहणी, रोजगार हमीची फोटो हजेरी, आता एकही काम नेटशिवाय पुढे सरकत नाही. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मात्र एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं, वरून टोले. पंचायतीच्या भिंतीवर भारतनेटचा डबा लागला की कागदावर गाव जोडलं जातं. तीन किलोमीटरवरच्या टोल्यातला माणूस अजूनही मोबाईल हातात धरून टेकडी चढतो. मागच्या हंगामात मीही चढलो. वर पोहोचून ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपली होती.

योजना काही नवीन नाही. २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून तिला मंजुरी मिळाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात महानेटच्या नावानं काम झालं. पण सुरुवातीपासून योजनेची शेवटची पायरी ग्रामपंचायत हीच होती. त्यात केबल एका रांगेत टाकलेली. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं एका जागी ती तोडली की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात केबल गोल रिंगणात टाकायची आहे, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं नेट चालू राहील. पंचायतीबाहेरच्या गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यायचंही त्यात आहे. मागणीप्रमाणे, हा शब्द लक्षात ठेवा. मागितलंच नाही तर कोणी आणून देणार नाही.

आता पंचायतीपासून टोल्यापर्यंत काय? प्रत्येक टोल्याला जमिनीतून केबल नेणं महाग आणि जंगलात वेळखाऊ. तिथं वायरलेस उपयोगी पडतं. पंचायतीच्या छतावर एक छोटा अँटेना, टोल्याच्या शाळेवर दुसरा, दोघांची तोंडं समोरासमोर. फायबरचं नेट हवेतून पलीकडे जातं आणि तिथला दुसरा डबा ते वाय-फाय म्हणून वाटतो. मधात टेकडी असेल तर टेकडीवर एक रिपीटर, सोलर आणि बॅटरीवर. वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यांना सरकारनं ठरवलेल्या ताकदीच्या मर्यादेत परवाना लागत नाही.

अडचण झाडांची आहे. ओला पाला हे सिग्नल पिऊन टाकतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असताना जोडलेली लिंक जुलैत मान टाकते. दोन्ही अँटेना एकमेकांना दिसले पाहिजेत, झाडाच्या शेंड्यावरून. आणखी एक चूक नेहमी होते. पैसे वाचवायला एकाच रेडिओचा रिपीटर लावतात. तो त्याच रेडिओनं ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास अर्धा होतो. घेणारा रेडिओ वेगळा आणि वाटणारा वेगळा असला पाहिजे.

हे आपल्याच राज्यात करून पाहिलेलं आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटानं पालघर जिल्ह्यातल्या गावांत 'ग्राममार्ग' प्रकल्प केला. फायबरच्या टोकापासून वाड्यांपर्यंत त्यांनी टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यातले सिग्नल वापरले, कारण ते पाल्यातून जास्त चांगले जातात. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पण तो पट्टा विनापरवाना खुला झाला नाही, परवानगी प्रयोगापुरतीच होती. माझ्या मते झाडीपट्टीसाठी हाच पट्टा सर्वात गरजेचा आहे, आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत हे मांडायला पाहिजे. टॉवर मंजूर झाल्याचे फोटो तर निघतच राहतात.

बाजारात 'नेटवर्क बूस्टर' मिळतो, तो वेगळा. तो मोबाईल टॉवरचा सिग्नल वाढवतो, आणि परवान्याशिवाय बसवणं बेकायदा आहे. कारणही खरं आहे. तुमच्या घरचा बूस्टर टॉवरच्या कानात गोंगाट भरतो आणि आजूबाजूच्यांचे फोन तुटतात. तो घेऊ नका.

सुरक्षेचं कोणी बोलत नाही. टोल्यातल्या त्या एका लिंकवरून आधार, बँक, अंगठ्याचे व्यवहार जाणार. डबा लावून 'अॅडमिन' हाच पासवर्ड ठेवला, तर कोणीही आत शिरून लोकांना खोट्या पानावर पाठवू शकतो. निदान डब्ल्यूपीए-२ चं कुलूप असावं, कारखान्याचा पासवर्ड बदललेला असावा, आणि नवा पासवर्ड ठेकेदाराच्या डायरीत न राहता पंचायतीच्या नोंदीत असावा. ठेकेदार पुढच्या वर्षी राहीलच असं नाही.

पीएम-वाणी योजनेत (डिसेंबर २०२०) किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो. चांगलंच आहे. पण त्यात शिरायला मोबाईलवर ओटीपी लागतो, आणि जिथं मोबाईलला रेंजच नाही तिथं तो येणार कुठून? दिल्लीत बसून ही अडचण सुचत नाही. वाय-फाय कॉलिंग चालणारा फोन आणि सिम असेल तर थोडा मार्ग निघतो. टोल्यात असे फोन किती हातांत आहेत, ते आपल्याला माहीत आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. भामरागडसारख्या भागात, पर्लकोटा चढली की संपर्क तुटतो तिथं, हे कामाचं ठरू शकतं. पण आकाशातलं नेटही एका छतावर उतरतं. तिथून घरोघरी पुन्हा तोच डबा, तेच झाड आणि तोच पासवर्ड.

वनजमिनीची अडचण सांगून काम थांबवतात, तेव्हा वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवा. एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीनं, वीज आणि दूरसंचाराच्या तारा नेता येतात. शाळेच्या छतावरच्या अँटेनाला तर एक झाडही पाडावं लागत नाही. पेसा गावांकडे अबंध निधीही येतो. त्यातून खांब आणि सोलर बसतो का, हे ग्रामसेवकांना ग्रामसभेतच विचारा आणि उत्तर ठरावात लिहून घ्या. देखभाल कोण करणार आणि पंचायतीला कुलूप असताना डब्याची लाईट चालू राहील का, हेही त्याच ठरावात यावं.

आमच्या शाळेच्या छतावरून पंचायतीची पाण्याची टाकी दिसते. मधात एक जुना मोह येतो. तो कोणी तोडू देणार नाही, म्हणून खांब थोडा उंच घ्यावा लागेल.