जोड्याची ख्याती कुणाच्या खात्यावर?

जमाखर्चाच्या शास्त्रात एक खाते मोठे गमतीचे आहे. त्याला 'ख्याती' म्हणतात. कचेरीत मात्र सगळे 'गुडविल'च म्हणतात. चालता धंदा विकायचा झाला की यंत्रे, माल, जागा, येणे-देणे यांची किंमत धरली जाते. घेणारा त्याहूनही जास्त पैसे मोजतो, तेव्हा ती वरची रक्कम ख्यातीच्या नावे पडते. ती हातात धरता येत नाही, तराजूत घालता येत नाही, तरी ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते. आम्ही बी.कॉम.ला हे परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा खरा अर्थ कळला तो इंग्लंडमधल्या एका जोडे बनविणाऱ्या कंपनीच्या इतिहासातून. तोच इतिहास या वेळी आपल्यासमोर मांडत आहोत.

त्या कंपनीचे नाव चर्चेस. प्रार्थनेच्या चर्चशी तिचा संबंध नाही, चर्च हे त्या घराण्याचे आडनाव. गाव नॉर्थहॅम्प्टन. हे गाव कित्येक शतके जोड्यांवर जगले. भोवतालच्या प्रदेशात गुरे भरपूर, म्हणून कातडे मुबलक. रानात ओकची झाडे, त्यांची साल कातडे कमावायला उपयोगी. पाण्याला नेन नदी. आपल्याकडे कोल्हापुरीचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, तिकडे ओकच्या सालीत. विद्या एकच, झाड वेगळे. १६४२ साली आयर्लंडकडे निघालेल्या फौजेसाठी या गावाला ४,००० जोडे आणि ६०० बूट पुरविण्याचे काम मिळाले होते. म्हणजे साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच गावाचे नाव झाले होते.

चर्च घराण्यात जोडे करण्याची परंपरा १६१७ पासून असल्याचे कंपनी सांगते. कंपनी मात्र १८७३ ची. थॉमस चर्च आणि त्याच्या मुलांनी मेपल स्ट्रीटवर एक लहानसा कारखाना काढला. त्याआधी हा धंदा घराघरांत चालत असे. व्यापारी कापलेले कातडे देई, कारागीर ते घरी नेई, बायको-मुले वरचा भाग शिवीत, बाप तळ लावी. आठवड्याच्या अखेरीस जोडे पोचवायचे आणि मजुरी घ्यायची. सोमवारी काम करायचे नाही असा जोडेवाल्यांचा रिवाज होता. त्या दिवसाला ते थट्टेने 'संत सोमवार' म्हणत. मजुरी थोडी असली तरी दिवस कसा घालवायचा हे कारागीर स्वतः ठरवीत असे.

१८५७ च्या सुमारास शिवणयंत्र आले. कारागिरांना धास्ती पडली. यंत्राने शिवलेल्या मालाला हात लावणार नाही म्हणून त्यांनी संप केला. तो फसला. हळूहळू यंत्र जिंकले, घरातले काम कारखान्यात गेले आणि 'संत सोमवार' संपला. चर्चेसचा जन्म या बदलाच्या काळातला.

मग त्या काळच्या शेकडो कारखान्यांतून या एकाचेच नाव का झाले? याचे उत्तर मापात आहे. पूर्वी दोन्ही पायांना एकाच आकाराचा जोडा करीत. डावा-उजवा वेगळा करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळत गेली. तरी तयार जोडा घ्यायचा तर पायानेच जोड्याशी जमवून घ्यायचे, अशीच स्थिती होती. चर्चेसने 'अ‍ॅडॅप्टेबल' नावाचा जोडा काढला. डावा-उजवा वेगळा, मापे अर्ध्या-अर्ध्या नंबराची आणि एकाच लांबीत अरुंद-रुंद असे निरनिराळे पन्हे. १८८१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात या जोड्याला सुवर्णपदक मिळाले. खास माप देऊन जोडा शिवून घेण्याची चैन पूर्वी बड्या लोकांचीच असे. आता दुकानात गेलेल्या माणसालाही आपल्या पायाचा जोडा मिळू लागला.

पुढे १९२० च्या दशकात लंडनला कंपनीचे स्वतःचे दुकान झाले. परदेशात माल जाऊ लागला. १९५७ साली कंपनी सेंट जेम्स रोडवरच्या मोठ्या कारखान्यात गेली.

आता हा जोडा बनतो कसा ते थोडक्यात पाहू. पहिले काम कातडे कापण्याचे. ते करणाऱ्याला 'क्लिकर' म्हणतात. सुरी कातड्यातून निघताना जो 'क्लिक' आवाज होतो त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. या कारागिराला कारखान्यात मोठा मान. गुराला कुठे गोचीड चावली होती, कुठे काटेरी तारेचा ओरखडा उठला होता, कातडे कुठल्या दिशेने ताणते, हे नजरेने आणि बोटांनी ओळखावे लागते. एक तुकडा चुकला तर सबंध जोडी बिघडते. मग वरचा भाग शिवणे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी स्त्रियांनी केले. पुढे तो भाग कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ताणून बसवितात. कडेने कातड्याची एक अरुंद पट्टी शिवतात, तिला 'वेल्ट' म्हणतात, आणि तळ त्या पट्टीला शिवतात. हे करणारे गुडइयर पद्धतीचे यंत्र १८७० च्या दशकात अमेरिकेतून पुढे आले. याचा फायदा असा की तळ झिजला की तेवढाच उसवून नवा लावता येतो. वरचा जोडा तसाच राहतो. गिऱ्हाइकाने जुना जोडा परत पाठविला तर कारखाना तो पुन्हा कलबुतावर चढवून देतो. एका जोडीला सुमारे २५० कामे आणि आठ आठवडे लागतात, असे कंपनी सांगते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मालकाचे कौतुक पुष्कळ झाले, कामगाराचे काय? प्रश्न रास्त आहे. जोड्याच्या आत छाप असतो तो चर्चचा. गोचिडीचा डाग ओळखणाऱ्या क्लिकरचे नाव त्यावर नाही. वरचा भाग शिवणाऱ्या बाईचेही नाही. त्या गावच्या कामगाराला जे मिळाले ते मालकाच्या मर्जीने मिळालेले नाही. त्यांनी संघटना बांधल्या. मार्च-एप्रिल १८९५ मध्ये जोडे-धंद्यातील मालकांनी कारखान्यांना टाळे ठोकून हजारो कामगारांना बाहेर काढले. तेव्हा उपाशी राहूनही युनियन टिकली. मे १९०५ मध्ये याच जिल्ह्यातील राँड्स गावचे ११५ कामगार जेम्स ग्रिबल या पुढाऱ्याच्या मागे पायी लंडनला गेले. लष्करी बुटांची मजुरी ठरलेल्या दराहून कमी दिली जाते, ही त्यांची तक्रार. सरकारला चौकशी करावी लागली आणि मजुरीचे दर ठरवून मिळाले.

या जोडेवाल्यांनी आणखी एक गोष्ट केली. मत दिले, आणि ते विकले नाही. १८८० साली त्यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ नावाच्या उघड निरीश्वरवादी माणसाला पार्लमेंटवर निवडून पाठविले. देवाच्या नावे शपथ घेण्याचा वाद निघाला आणि पार्लमेंटने त्याला बसू दिले नाही. नॉर्थहॅम्प्टनने पुन्हा निवडून दिला. पुन्हा नाकारला, पुन्हा निवडून दिला. १८८० ते १८८५ या काळात पाच वेळा! अखेर १८८६ साली त्याला जागा मिळाली आणि १८८८ साली देवाच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करण्याचा कायदा झाला. हाच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईला राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास आला होता. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर तो पार्लमेंटात इतका बोले की लोक त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत. त्याला तिथे पाठविणारे हात आरी-दोऱ्याचे होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

त्या गावच्या फुटबॉल संघाची स्थापना १८९७ ची. त्या संघाला गाव प्रेमाने 'द कॉबलर्स' म्हणते. कॉबलर म्हणजे जोडे सांधणारा. मैदानावर हजारो माणसे तो शब्द अभिमानाने ओरडतात. आपल्या देशात त्याच धंद्याचा शब्द शिवी म्हणून वापरला गेला. गावकुसाबाहेरच्या माणसाने कमावलेले कातडे पायात चालले, पखालीत चालले, ढोलकीवर चालले. तो माणूस मात्र ओट्यावर चालला नाही. जात कामे वाटीत नाही, माणसांना वाटून त्यांची उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. इंग्लंडच्या कामगाराला गरिबी होती, पिळवणूक होती. पण त्याचा मुलगा शिकून कारकून झाला तर तो कारकूनच समजला जाई. बापाची आरी त्याच्या कपाळावर कोरली जात नसे.

आता १९९९ सालाकडे येऊ. त्या वर्षी इटलीच्या प्राडा या बड्या कंपनीने चर्चेस विकत घेतली. कारखाना नॉर्थहॅम्प्टनलाच राहिला. प्राडाने यंत्रे घेतली, जागा घेतली, पण मुख्यतः घेतले ते नाव. सव्वाशे वर्षांची ख्याती होती, ती फुकट मिळाली नाही.

याच प्राडाने जून २०२५ मध्ये मिलान शहरात पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन भरविले, आणि त्यात दिसल्या त्या आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला. कोल्हापूरचा उल्लेख नाही, कारागिराचा नाही, देशाचाही नाही. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ओरड झाली तेव्हा कंपनीने हा नमुना भारतीय पारंपरिक चपलांवरून घेतल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे २,००० जोड भारतात बनवून घेण्याचे जाहीर झाले.

पाहा, खरेदीदार तोच. नॉर्थहॅम्प्टनच्या जोड्याचे नाव त्याने पैसे मोजून घेतले. कोल्हापुरीचा नमुना आधी तसाच उचलला. नाव लोकांनी आवाज उठविल्यावर आठवले. कसबात फरक होता म्हणून असे झाले काय? मुळीच नाही. ढोर समाजाने कमावलेले कातडे आणि चर्मकार बंधू-भगिनींनी शिवलेले कान, पट्टा आणि तळ यांत कमी कसब नाही. फरक होता तो वहीत. तिकडे नाव नोंदलेले होते, मापाला नंबर होता, मजुरीला दर होता. इकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाची ख्याती कुणाच्याच खात्यावर जमा झाली नव्हती. झाली असेल तर दुकानदाराच्या.

इथे एक शंका निघेल. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या समाजाने बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडले. मग आता कातड्याचे गोडवे कशाला? आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपण सोडली ती सक्ती. जन्माने गळ्यात बांधलेले, नाकारता न येणारे, मोबदल्यात शिळे तुकडे मिळणारे ते जोखड होते. ते सोडले हे योग्यच झाले, आणि पुन्हा तिकडे वळण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या चर्मकार आणि ढोर कुटुंबांच्या हातात आज हे कसब आहे, ती आपलीच माणसे आहेत. त्यांच्या कसबाचा दाम त्यांच्या घरात यावा, यासाठी झटणे हे आपलेही काम आहे.

त्यासाठी एक मार्ग कायद्यात आहे. भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे 'जी.आय.'चा, कायदा आपल्याकडे १९९९ सालीच झाला. कोल्हापुरी चपलेला ही नोंदणी २०१९ साली मिळाली. तीत महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. पण या नोंदणीचा हक्क हाती येण्यासाठी कारागिराने स्वतःचे नाव 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळे नोंदवावे लागते. ही नोंद दहा वर्षे टिकते, पुढे वाढविता येते. अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्र अशी कागदपत्रे लागतात. दिवसभर रापी-आरी चालविणाऱ्या माणसाला हे सोपे नाही.

तिथेच आपल्या शिकलेल्या मुलामुलींची गरज आहे. या आठ जिल्ह्यांत ज्यांचे नातेवाईक, मित्र, मैत्रिणी आहेत, त्यांनी एका कारागिराचा एक अर्ज भरून द्यावा. महिला मंडळांनी चपलांचा पट्टा आणि वेणी विणणाऱ्या भगिनींची नावे आधी घ्यावीत, कारण यादीतून पहिल्यांदा गळतात ती त्यांचीच नावे. रविवारी विहारात जमलो की अर्धा तास या कामाला द्यावा. नॉर्थहॅम्प्टनच्या जोडेवाल्यांनी युनियनच्या वहीत नाव लिहिले, मतदारयादीत नाव लिहिले, म्हणून त्यांचे कुणी ऐकले. आपल्या कारागिराचे नाव सरकारी वहीत चढले, तर पुढच्या वेळी कोणी चप्पल उचलायला येईल तेव्हा त्याला आधी दाम विचारावा लागेल.