पट कमी केला कोणी?



वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा सरकारने मोजल्या. १४,७८३ भरल्या. त्यांत पोरे सुमारे १ लाख ८५ हजार. २०२३ साली फर्मान निघाले की या शाळा मिसळून मोठ्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव द्या. एवढ्या पोरांसाठी शाळा चालवणे परवडत नाही म्हणे.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आधी मालाचे भाव पाडायचे, मग सांगायचे, कोरडवाहू शेती परवडत नाही, सोडा! शेती सुटली की घर उठते आणि घर उठले की पट घटतो.

उठलेली घरे पाहायची तर पिंपळे गुरवला जा. पवनेकाठचे एके काळचे शेतीचे गाव, आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत. मराठवाड्यातून कारखान्यांच्या कामाला गेलेली कितीतरी माणसे इथे भाड्याने राहतात. अशाच एका खोलीवर बसलो होतो. गावी चार एकर, कपाशी आणि ज्वारी. दोन हंगाम बुडाले, म्हणून दिवाळीनंतर आलेले. बाप कंत्राटी हेल्पर, पोरगी तिसरीत. शाळेत गेले तर उत्तर मिळाले, "गावाकडचा दाखला आणा." दाखल्याला जायचे म्हणजे दोन दिवसांचे खाडे आणि वर एसटीचे भाडे. पोरगी दीड महिना खोलीत धाकट्या भावाला सांभाळत होती. गावच्या पटावरून नाव गेले, शहराच्या पटावर चढलेच नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ : दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. बापाला हे ठाऊक नव्हते. शाळेला असायला हवे होते.

याच कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बलांच्या पोरांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम फिरवला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला सूट! शहरात अशी शाळा जवळ नाही असे ठिकाण शोधूनच काढावे लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला, म्हणून दार उघडे राहिले. पण डाव ओळखा. गावात म्हणायचे, सरकारी शाळा चालत नाही. शहरात म्हणायचे, सरकारी शाळा आहे की, तिथेच जा.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती. महसूल राबणाऱ्या रयतेचा आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या पोरांवर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकूनच कृषी पदवीधर झालो. तेव्हा मास्तरांना नावे ठेवणे मला जमणार नाही. कपाशीत नांग्या पडल्या तर आठ-दहा दिवसांत भरून घ्या, हे गावोगाव सांगत आलो. चार नांग्या पडल्या म्हणून उभ्या पिकात वखर कोणी घालत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा राज्याचाच नियम आहे. शाळा ओढ्यापलीकडे गेली तर पहिली घरी बसेल ती पोरगी.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या शाळेचा पट, मंजूर शिक्षक आणि प्रत्यक्ष हजर शिक्षक लिहून आणा. तीन वर्षांत पटावरून गेलेली नावे आज कुठल्या गावी आहेत आणि शाळेत आहेत का, हेही विचारून या. पिंपळे गुरव, भोसरी, चाकणला कोणी नातलग असेल तर कलम ५ आजच कळवा.