७५ फुटांची धाव

बास्केटबॉल म्हणजे उंच मुलांचा खेळ, असे आपण सहज म्हणून जातो. पण २८ मीटर लांबीच्या त्या मैदानात दोन-चार सेकंद जोरात पळायचे, थांबायचे, वळायचे आणि पुन्हा पळायचे असते. या झटक्याच्या धावेला लागणारी शक्ती स्नायूंत साठलेली असते. ती काही सेकंदांत संपते व थोड्या विसाव्यात पुन्हा भरते. ज्याचा दम चांगला, त्याची लवकर भरते. म्हणून शेवटच्या १० मिनिटांतही पहिल्यासारखा पळतो, तोच खरा तंदुरुस्त.

अमेरिकेत एन.बी.ए.च्या निवडीआधी नवोदितांची चाचणी होते. तीत ७५ फुटांची धाव असते, पूर्वी ताकदही पाहत. २००७ साली केव्हिन ड्युरांट या कृष्णवर्णीय तरुणाला बाकावर उताणे पडून ८४ किलो वजन एकदाही उचलता आले नाही. हसणारे हसले. तरी त्याची दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली आणि २०१४ साली तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो मान स्वीकारताना, स्वतः उपाशी झोपून मुलांना जेवू घालणाऱ्या आपल्या आईलाच त्याने भरसभेत खरी मानकरी म्हटले.

पालकहो, एका चाचणीवरून कोणी आपल्या मुलाला वा मुलीला नापास ठरवले, तर घरी बसवू नका, एवढेच आमचे सांगणे. अंग गरम झाल्यावर २० पावले जोरात पळू द्या, चालत परत येऊ द्या. असे ६-८ वेळा, आठवड्यातून दोनदा. पोटभर जेवण आणि पुरेशी झोप मात्र चुकवू नका.