पोरगं सज्ञान, पण बिल बापाच्या नावावर! दवाखान्यातल्या सहीचा अर्थ काय?

जळगाव-धुळे महामार्गावर मोटारसायकल घसरते. पोरगं पंचवीस-सव्वीस वर्षांचं, एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. गावात फोन येतो आणि बाप कपाशीतलं काम टाकून निघतो. दवाखान्याच्या काउंटरवर फॉर्म पुढे येतो, "इथं सही करा." बाप न वाचता सही करतो. चार दिवसांत बिल लाखाच्या पुढे जातं. मग पतसंस्था, उसनवारी, बायकोचे दागिने. पारोळा असो की साक्री, चोपडा असो की शिरपूर, गोष्ट हीच.

कायद्याने हे बिल बापाचं आहे का?

१८ वर्षं पूर्ण झाली की मुलगा सज्ञान. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्यानुसार मुलांचं पोषण करणं आई-बापावर बंधनकारक आहे ते अज्ञान असेपर्यंत, आणि पोषणात औषधोपचारही येतात. स्वतःच्या कमाईवर भागत नसलेल्या अविवाहित मुलीसाठी ही जबाबदारी पुढेही राहते. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलालाही पोटगी मागता येते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. उलट, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने म्हाताऱ्या आई-बापाचा भार सज्ञान मुलांवर टाकला आहे.

म्हणजे कमावत्या, धडधाकट मुलाचं बिल केवळ नात्यामुळे बापाचं कर्ज होत नाही. ते होतं सहीमुळे. फॉर्मवर "बिल मी भरीन" अशी हमी असेल, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार हमीदार ऋणकोइतकाच बांधला जातो.

अर्थात पोरगं आत असताना कोणता बाप सही नाकारेल? म्हणून खरा प्रश्न सहीच्या आधीचा आहे: उपचाराचं कवच कुठून मिळेल?

पहिलं कवच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. खासगी कौटुंबिक विम्यात मुलाचं नाव साधारण २५ व्या वर्षी गळतं. इथे वयाची अट नाही. कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरची नावं.

गोम तिथेच आहे. भाऊ वेगळे निघाले, जुन्या कार्डातून नाव कमी झालं, नवं कार्ड झालंच नाही. लेक सासरी गेली, माहेरच्या कार्डातून नाव कटलं, सासरच्या कार्डात चढलं नाही. अशा वेळी ऐन गरजेला कागद अडतो. शिवाय ५ लाख अख्ख्या कुटुंबाचे असतात. मुलाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याच वर्षी आईसाठी कमी उरतात. आयुष्मान भारतमध्ये सत्तरी गाठलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून स्वतंत्र ५ लाख आहेत. ते घरातल्या तरुणांसोबत वाटून घ्यावे लागत नाहीत.

दुसरं कवच रस्ते अपघाताचं. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत रोखरहित उपचार आहेत.

तिसरं कामाच्या ठिकाणचं. जिथे ईएसआय लागू आहे, तिथे महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार स्वतःच विमाधारक असतो. पण ठेकेदाराने नोंदच केली नसेल तर बोजा फिरून बापावरच येतो. पोराला पहिल्या पगारालाच विचारलं पाहिजे, "ईएसआय नंबर मिळाला का?"

आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय, ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेतच.

घरचं शिधापत्रिका कार्ड आजच काढून बघावं. प्रत्येक सज्ञान मुलाचं, सुनेचं नाव त्यात आहे का? नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. दवाखान्यात पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारावं, किंवा १५५३८८ वर फोन लावावा. सही त्यानंतर, आणि ती पण वाचून.