अन्य भाषा येत नाही, म्हणून पवित्र आत्मा नाही?





दृढीकरण संस्काराच्या वर्गात अलीकडे मुले एक प्रश्न वारंवार विचारतात. "सर, प्रार्थनासभेत सगळे अन्य भाषेत बोलतात. मला येत नाही. मग माझ्यात पवित्र आत्मा नाही का?" चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न आपसूक पडत नाही. तो कोणीतरी त्याच्या मनात पेरलेला असतो. काही प्रार्थनागटांत डोक्यावर हात ठेवून सांगितले जाते, "जीभ सैल सोडा, 'हालेलुया' भरभर म्हणा, तोंडाला येईल ते बोला." ज्याला जमले तो 'भरलेला', ज्याला जमले नाही तो 'कोरडा'. चाळीस वर्षे न चुकता मिस्साला येणाऱ्या, सासू-सासऱ्यांची सेवा केलेल्या बायका मान खाली घालून घरी जातात आणि आपले काय चुकले याचा विचार करत बसतात. ही शिकवण पवित्र शास्त्राला धरून नाही, ख्रिस्तसभेची नाही आणि प्रेमाची तर मुळीच नाही, हे आज स्पष्ट लिहावेसे वाटते.

आधी एक गोष्ट मान्य करतो. अन्य भाषेचे वरदान खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते मना करू नका, असे संत पौलानेच सांगितले आहे (१ करिंथ १४:३९), आणि त्याला स्वतःलाही ते वरदान होते. एकांतात, शब्द अपुरे पडल्यावर, कोणी देवापुढे अशी प्रार्थना करत असेल तर त्याला बोल लावणारा मी कोण? लहान मुलाचे बोबडे बोल आईला कळतातच. माझे भांडण वरदानाशी नाही. त्या वरदानाची मोजपट्टी करून दुसऱ्याचा विश्वास मोजणाऱ्यांशी आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, रोमी, अरबी असे कितीतरी लोक जमले होते. प्रेषित बोलू लागले आणि प्रत्येकाला ते आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले (प्रे. कृ. २:५-११). म्हणजे त्या दिवशी लोकांना कळले. बाबेलच्या बुरुजापाशी तुटलेला संवाद तिथे पुन्हा जुळला. ज्या सभेत कोणालाच काही कळत नाही, तिला पेन्टेकॉस्टचे नाव देण्याआधी हा अध्याय पुन्हा वाचावा.

करिंथची मंडळी तर आपल्यासारखीच होती. वरदानांवरून तिथे चढाओढ लागली होती. पौल त्यांना विचारतो, सगळेच प्रेषित आहेत का, सगळेच अन्य भाषा बोलतात का (१ करिंथ १२:२९-३०)? उत्तर उघड आहे. मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा पाच कळणारे शब्द त्याला बरे वाटतात (१४:१९). तो नियमही घालून देतो. दोघांनी, फार तर तिघांनी, एकेक करून बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावे (१४:२७-२८). आपल्याकडे पन्नास माणसे एकाच वेळी माईकसमोर बोलतात आणि अर्थ सांगणारा एकही नसतो. मग हे कोणत्या शास्त्राप्रमाणे चालते?

'अन्य भाषा हाच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा' हा विचार प्रेषितांच्या काळातला नाही. तो पुढे आला अमेरिकेतल्या टोपेका गावी, चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल शाळेत, १९०१ साली. १९०६ पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून तो जगभर गेला. पारहॅम यांना वाटत होते की या खऱ्याखुऱ्या मानवी भाषा आहेत आणि मिशनरींना आता भाषा शिकायची गरजच उरणार नाही. आल्फ्रेड गार नावाचे उपदेशक आपल्याला बंगाली मिळाली आहे अशा विश्वासाने कलकत्त्याला आले. तिथल्या लोकांशी त्यांना बंगालीत बोलता येईना. पवित्र आत्मा माणसाच्या आळसाला सवलत देत नाही, हा धडा त्यातून घ्यायला हवा होता.

हे वारे महाराष्ट्रातही आले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक जागरण झाले आणि पुढे तिथल्या काही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. पंडिता रमाबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, पण त्यांचा विवेक आपण शिकण्यासारखा आहे. त्यांनी ते दडपले नाही आणि ते प्रत्येकीला आलेच पाहिजे असा आग्रहही धरला नाही. मग त्यांनी स्वतः काय केले? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, साध्या बाईलाही देवाचा शब्द कळावा म्हणून. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल छापून निघाले. ज्या घरात अन्य भाषा ऐकू आल्या, त्याच घरातून कळणारी मराठी बाहेर पडली. संत पौलाला याहून वेगळे काय हवे होते?

कोणी म्हणेल, "आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेतही करिश्माई चळवळ आहेच की." आहे. १९६७ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांच्या रिट्रीटपासून ती सुरू झाली आणि पोपमहोदयांनी तिला प्रोत्साहनही दिले. पण ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले की असामान्य वरदानांच्या मागे उतावीळपणे लागू नये आणि त्यांची पारख करण्याचे काम ख्रिस्तसभेच्या मेंढपाळांचे आहे. कॅटेकिझमच्या २००३ क्रमांकाच्या परिच्छेदात अन्य भाषेचा नावाने उल्लेख आहे, आणि अशी सर्व वरदाने सगळ्यांच्या हितासाठी, प्रेमाच्या सेवेसाठी असतात असे तिथे म्हटले आहे. दुसऱ्याला 'कोरडा' ठरवण्यासाठी ती दिलेली नाहीत.

"पण आमचा अनुभव?" असेही विचारले जाईल. अनुभव नाकारत नाही, त्याचे फळ पाहू या. प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन (गलती ५:२२-२३). या यादीत अन्य भाषा नाही. सभेत तासभर अन्य भाषेत बोलून आलेला माणूस बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी बोलत नसेल, तर त्याच्या जिभेवर काय उतरले हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि आपल्या सीमाभागात तर हा प्रश्न अधिकच बोचतो. इथे एकाच धर्मग्रामात कोंकणी, मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. सणाची मिस्सा कोणत्या भाषेत, गायन कोणाचे, यावरून अबोले धरले जातात. स्वर्गदूतांची भाषा हवी असते, पण शेजारच्या बाकावरच्या माणसाची भाषा शिकायला नको असते! मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. ते कोंकणी आणि मराठी शिकले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोलला छापले गेले. त्यांना ही भाषा झटक्यात मिळाली नाही. ती इथल्या लोकांच्या तोंडून शिकावी लागली. हेही पवित्र आत्म्याचेच काम आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

म्हणून प्रार्थनागटाच्या पुढाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. कोणालाही "तुला अन्य भाषा आली का?" असे विचारू नका. मुलांना जीभ वळवायला शिकवू नका. सभेत पौलाचा नियम पाळा, आणि तो पाळणे जमत नसेल तर ती प्रार्थना घरच्या खोलीत, दार लावून करा. आईवडिलांनी मुलांना 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' अर्थासकट शिकवावे. अनेक घरांत तेवढेही होत नाही.

आणि माझ्या वर्गातल्या मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे. स्नानसंस्कारात तुम्हाला पवित्र आत्मा मिळाला आहे. दृढीकरणाच्या दिवशी बिशप तुमच्या कपाळावर पवित्र तेल लावतील, तेव्हा त्याच आत्म्याची मुद्रा तुमच्यावर उमटेल. तुमच्या जिभेला काही वेगळे वाटले नाही तरी ते खरेच असेल. मग त्याच जिभेने खरे बोला, रुसलेल्या मित्राशी आधी तुम्ही बोला, आणि आजीला शुभवर्तमान तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.