शिकाऊ डॉक्टरांचीं मुलें

हल्लीं लग्न जुळवितांना मुलगी डॉक्टर आहे असें कळतांच बैठकीचा सूर बदलतो. पत्रिकेंतील एखाददुसरा गुण कमी पडला तरी चालतें, आणि मुलाची आत्यासुद्धां मुलीच्या उंचीविषयीं कांहीं बोलत नाहीं. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु तीन-चार वर्षांनीं त्याच घरीं जावें, तर तीच मंडळी 'एवढें शिकून काय मिळविलें, पोर आईला ओळखत नाहीं' असें हळू आवाजांत बोलतांना आढळतात. सून एम्.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असते, मूल सातआठ महिन्यांचें असतें, आणि जो तो एकच प्रश्न विचारीत असतो : हिला हें सारें कसें जमणार? आमच्या मतें हा प्रश्न भलत्याच व्यक्तीला विचारला जात आहे. म्हणून या महिन्याचें टिपण त्याविषयीं.

प्रथम वयाचा हिशेब पाहूं. अठराव्या वर्षीं मुलगी वैद्यकीय महाविद्यालयांत गेली, म्हणजे साडेचार वर्षें अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप धरून ती साडेतेवीस वर्षांची होते. पुढें एम्.डी. अथवा एम्.एस्.चीं तीन वर्षें. मधल्या प्रवेशपरीक्षेच्या तयारींत एखाद-दोन वर्षें जातात, तीं धरलीं तर अठ्ठाविसावें वर्ष उजाडतें. नंतर हृदयाचें किंवा मेंदूचें विशेष शिक्षण घ्यावयाचें झाल्यास आणखी तीन वर्षें. ज्या वर्षांत शरीर अपत्याला अनुकूल असतें, नेमकीं तींच वर्षें इस्पितळ मागतें.

आमच्या पूर्वजांनीं या बाबतींत एक सोय करून ठेविली होती. आधीं ब्रह्मचर्याश्रमांत विद्या, मग समावर्तन, आणि स्नातक घरीं परतल्यावर विवाह. गुरुगृहीं राहणाऱ्या बटूनें अपरात्रीं उठून गुरूचें काम करावें यांत कोणासही वावगें वाटत नसे, कारण त्याच्या मागें पाळण्यांत रडणारें मूल नव्हतें. (ही सोय पुढील काळांत केवळ मुलग्यांपुरतीच उरली, हेंही येथेंच सांगितलेलें बरें.) आतां विद्या तिसाव्या वर्षापर्यंत लांबली आहे, पण विवाह आणि अपत्य तितके दिवस थांबत नाहींत, थांबूंही नयेत. अर्थात् दोन आश्रम एकाच देहांत एकाच वेळीं चालले आहेत, आणि शिक्षणाची घडी मात्र अजून पहिल्याच आश्रमाची आहे.

'रेसिडेंट' हा शब्दच पाहावा. त्याचा अर्थ निवासी. जो इस्पितळांतच राहतो तो. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ सालीं उघडलें. तेथें विल्यम हॉल्स्टेड या शस्त्रवैद्यानें शिकाऊ शल्यविशारदांची जी पद्धत बसविली, ती पुढें जगभर पसरली. शिष्यानें इस्पितळाच्या आवारांतच राहावें, दिवसरात्र हजर असावें, वर्षें किती लागतील तें गुरु ठरवील, आणि लग्नाचा विचार शक्य तों करूं नये, असा तो थाट होता. हॉल्स्टेड हा असामान्य शस्त्रवैद्य होता यांत शंका नाहीं. परंतु तो स्वतः आधीं कोकेनच्या आणि नंतर मॉर्फिनच्या व्यसनांत सांपडलेला होता, आणि उन्हाळ्याचे महिने इस्पितळापासून दूर, नॉर्थ कॅरोलायनामधील डोंगरांत आपल्या वाडीवर घालवीत असे, हेंही नमूद आहे. शिष्यांना अखंड जागवणाऱ्या गुरूला स्वतः पुष्कळ विश्रांति लागत होती. अशा ब्रह्मचाऱ्यांच्या मठासाठीं केलेली वेळापत्रकें आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आमच्या लेकीसुनांच्या गळ्यांत आहेत, आणि तीं न पेलल्यास दोष त्यांच्या मातृत्वाला दिला जातो.

आम्हीं चाळीस वर्षांत शाळेंत अंकगणितही शिकविलें आहे. तेव्हां एक उदाहरण मांडतों. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. स्नान, भोजन, येणेंजाणें यांस रोज तीन तास, म्हणजे २१. परीक्षेच्या वाचनाला आठवड्यास १० तरी हवेतच. आतां काम ८० तास असेल, तर मुलासाठीं उरतात ८ तास, दिवसाला तास-सव्वातास. काम ४८ तास असेल, तर ४० उरतात. आणि काम १०० तास असेल, तर उत्तर उणें बारा येतें. हे उणें बारा तास आईच्या झोपेंतून निघतात, किंवा वाचनांतून, किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यांतून. ते कोठूनही न निघतां हसतमुखानें 'जमविणारी' सून गणितांत बसत नाहीं.

हे आंकडे आम्हीं कल्पनेनें घेतलेले नाहींत. न्यूयॉर्कमध्यें १९८४ सालीं एका अठरा वर्षांच्या मुलीला इस्पितळांत मृत्यु आला. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर कामानें किती थकलेले होते, यावर मोठा वाद झाला, आणि १९८९ सालीं त्या राज्यानें आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली. २००३ सालीं ती सबंध अमेरिकेंत लागू झाली. चार आठवड्यांची सरासरी ८० तास, आणि सातांत एक दिवस मोकळा. युरोपीय संघानें शिकाऊ डॉक्टरांना २००९ पासून सरासरी ४८ तासांच्या कक्षेंत आणलें. आमच्याकडे केंद्र सरकारनें १९९२ सालींच निवासी डॉक्टरांविषयीं आज्ञापत्र काढलें असून, सलग काम सामान्यतः दिवसाला बारा तासांहून अधिक नसावें व पाळीपाळीनें साप्ताहिक सुटी मिळावी, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. २०२३ च्या राष्ट्रीय आयोगाच्या नियमांत मात्र आंकडा न देतां कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढेंच म्हटलें आहे. पुढें २०२४ सालीं त्याच आयोगाच्या कृतिदलानें ७४ तासांची शिफारस केली. वाजवी म्हणजे किती, हें ठरविणें विभागप्रमुखांकडे राहिलें कीं काय होतें, तें ज्यांच्या घरीं निवासी डॉक्टर आहे त्यांना आम्हीं सांगावयास नको.

ज्येष्ठ शस्त्रवैद्य म्हणतात कीं, तास कमी केले तर हात बसणार नाहीं, आणि पाळी बदलतांना रोग्याची माहिती निसटेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. सुश्रुतानेंही प्रत्यक्ष रोग्यावर शस्त्र धरण्यापूर्वीं कोहळ्यासारख्या फळांवर छेदनाचा सराव करावयास सांगितलें आहे. सरावावांचून वैद्य होत नाहीं. परंतु अमेरिकेंतच झालेल्या मोठ्या पाहण्यांत, ८० तासांच्या मर्यादेंत राहून पाळ्या लांब ठेविल्या काय किंवा आंखूड ठेविल्या काय, रोग्यांच्या मृत्यूंत फरक आढळला नाहीं. म्हणजे लांब पाळीनें रोगी अधिक वांचतात असेंही म्हणतां येत नाहीं. शिवाय निवासी डॉक्टरांच्या रात्रींतील किती वेळ हात बसण्यांत जातो आणि किती वेळ रक्ताच्या नळ्या पोंचविण्यांत व कागद शोधण्यांत जातो, याचा हिशेब कोणी मांडील तर बरें होईल.

आतां कौतुकाविषयीं. आनंदीबाई जोशी यांचें नांव अशा वेळीं सर्वांच्या तोंडीं येतें; पण त्यांचें अपत्य दहाव्या दिवशींच गेलें होतें, आणि अमेरिकेस त्या गेल्या तेव्हां मागें मूल नव्हतें. आमच्या विषयाला खरें उदाहरण आहे बंगालच्या कादंबिनी गांगुली यांचें. त्या कलकत्त्यास वैद्यकी शिकत असतांनाच बाळंत झाल्या. १८८८ सालच्या एका पत्रांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं त्यांच्याविषयीं मोठ्या आश्चर्यानें लिहिलें कीं, बाळंतपणासाठीं ही स्त्री अवघे तेरा दिवस गैरहजर होती! पुढें १८९३ सालीं मुलांना घरीं ठेवून त्या एडिंबरोस गेल्या आणि तेथील पदव्या घेऊन परतल्या. त्यांच्या धैर्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. तथापि ते तेरा दिवस आमच्या मनांत सलतात. आमच्या जुन्या घरांतून, जेथें स्त्रीला शिकूं देत नसत, तेथेंही बाळंतिणीला सव्वा महिना खोलींतून कामाला उठवीत नसत. वृद्धि संपते दहाव्या दिवशीं; त्यावर तीनच दिवस! तेरा दिवसांचें कौतुक एकदां झालें कीं तो मोजण्याचा गज होतो, आणि पुढच्या प्रत्येक बाळंतिणीला विचारतात : अमकीला जमलें, तुला कां जमत नाहीं?

२०१७ सालच्या दुरुस्तीनें आतां पहिल्या दोन अपत्यांस सव्वीस आठवड्यांची रजा कायद्यांत आली आहे. पन्नास वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर हवें, व आईला दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाऊं द्यावें, असेंही त्या कायद्यांत आहे. परंतु निवासी डॉक्टर हा विद्यार्थी कीं नोकर, हा प्रश्न सोयीप्रमाणें सुटतो. काम सांगतांना तो नोकर असतो, हक्क मागतांना विद्यार्थी. नेमलेल्या रजेहून अधिक दिवस घेतले, तर अभ्यासक्रम तितके दिवस पुढें जातो. आणि पाळणाघर असलेंच तर तें संध्याकाळीं बंद होतें, जेव्हां हिची रात्रपाळी सुरू व्हावयाची असते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी सध्यां एका मोठ्या शहरांतील सरकारी इस्पितळांत प्रसूतिशास्त्राचें शिक्षण घेत आहे. संस्कृतांत वर्गांत पहिली येत असे. तिचें मूल चौदा महिन्यांचें असून तें साताऱ्याकडे तिच्या आईपाशीं असतें. महिन्यांतून एकदां, कधीं दीड महिन्यानें, ती रात्रीच्या एस्.टी.नें येते. मागील खेपेस आली तेव्हां मूल आजीच्या पदराआड गेलें. ती कांहीं बोलली नाहीं; पिशवींतून खेळणें काढलें आणि जमिनीवर बसून एकटीच खेळूं लागली. अर्ध्या तासानें मूल जवळ आलें. हें तिच्या आईनें आम्हांस सांगितलें आणि म्हणाली, "मास्तर, ती दिवसाला आठ-आठ बाळंतपणें करते हो. दुसऱ्यांचीं मुलें पहिल्यांदा तीच हातांत घेते."

दुधाचीही तीच कथा. तिसऱ्या महिन्यांत कामावर रुजू झाल्यावर ती ड्यूटीच्या खोलींत, दाराला खुर्ची लावून, दूध काढून ठेवीत असे. काढलेलें दूध साध्या खोलींत चार तास आणि फ्रिजमध्यें चार दिवस टिकतें, हें ती रोज बाळंतिणींना शिकविते; पण तिच्या वॉर्डांतल्या फ्रिजमध्यें औषधांच्या कुप्यांखेरीज कांहीं ठेवण्यास परवानगी नव्हती. सुश्रुतानें सांगून ठेविलें आहे कीं, अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंही स्तन्य वाहूं लागतें, आणि शोक व क्रोध यांनीं तें नाहींसें होतें. आजचें शास्त्रही थोड्या निराळ्या शब्दांत तेंच सांगतें. हिचें दूध पांचव्या महिन्यांत आटलें.

या घरांत एक गोष्ट आम्हांस विशेष दिसली. मुलाचा बापही निवासी डॉक्टरच आहे; अस्थिशास्त्राचें शिक्षण घेतो. त्याचेही तास तितकेच, त्याच्याही रात्री तितक्याच. पण 'हें तुला कसें जमणार' असें त्याला सासरीं, माहेरीं अगर इस्पितळांत कोणीही विचारलेलें नाहीं. तो महिन्यांतून एकदां मुलाला भेटून गेला कीं प्रेमळ बाप ठरतो. ती तितक्याच वेळां भेटली कीं निष्ठुर आई ठरते. मुलगा साधा, कष्टाळू आहे. त्याचा दोष इतकाच कीं, कोणी विचारलें नाहीं म्हणून त्यानेंही स्वतःला विचारलें नाहीं. आम्हीं त्याला ते उणें बारा तास कागदावर मांडून दाखविले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हे बारा तास आईंचे आहेत." आई म्हणजे त्याची सासू.

तें खरेंच आहे. त्या बाईंचें वय बासष्ट. नोकरींतून सुटल्यावर यजमानांसह काशीस जावयाचें, भगवद्गीतेचा वर्ग पुरा करावयाचा, असें त्यांनीं ठरविलें होतें. नातवाला सांभाळण्याविषयीं त्यांची तक्रार नाहीं. पण तुम्हांला झेपेल का, असें त्यांना कोणीं विचारलेंही नव्हतें. तें गृहीत होतें. चौदा महिन्यांचें मूल दिवसांतून शंभर वेळां उचलावें लागतें. आतां उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. सहा आठवडे तरी त्यांना मूल उचलतां येणार नाहीं.

त्या सहा आठवड्यांसाठीं दोघांनीं वांटणी केली आहे. पहिले तीन आठवडे ती रजा घेणार, पुढील तीन तो. तिचा अर्ज मंजूर झाला. त्याच्या अर्जावर 'घरांत दुसरें कोणी नाहीं काय?' असा शेरा येऊन तो परत आला. 'आहे, मुलाचा बाप आहे' असें उत्तर लिहून त्यानें तो पुन्हां पाठविला आहे. निर्णय हें टिपण छापावयास जाईपर्यंत कळलेला नाहीं. नंतर मूल त्यांच्याकडे शहरांत आणावयाचें असें ठरत आहे, आणि त्यासाठीं दोघांच्या रात्रपाळ्या एकाच दिवशीं येऊं नयेत एवढीच मागणी त्यांनीं दोन्ही विभागांकडे केली आहे.

आपल्या मुलीसुनांच्या, अथवा मुलांच्या, निमित्तानें ज्या वाचकांना रात्रींही उघडें राहणारें पाळणाघर असलेलें एखादें इस्पितळ माहीत असेल, त्यांनीं तें कसें चालतें, खर्च कोण सोसतो आणि रात्रीं दाई किती असतात, हें आम्हांस पत्रानें अवश्य कळवावें. माहिती त्या दोघांकडे पोंचविली जाईल, आणि पुढील अंकांत जागा मिळाल्यास छापूंही.