'आस्केड' म्हणावं की 'आस्क्ट'?

या महिन्याचा प्रश्न पुण्याहून आला आहे. विचारणारी मुलगी मात्र आपल्या इंदूरचीच, रामबागेत वाढलेली. नोकरीला लागून तिला चार महिने झाले. ती लिहिते, "मावशी, मीटिंगमध्ये मी 'आय आस्केड हिम' म्हटलं, तर टीमलीडनं हसून 'आस्क्ट' अशी दुरुस्ती केली. स्पेलिंगमध्ये शेवटी डी आहे, मग हा ट आला कुठून? आणि 'वॉण्टेड'मध्ये 'एड' चालतं ते का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेत आपल्याला भूतकाळ वहीवर शिकवतात: क्रियापदाला ई-डी लावा, झालं. ती ई-डी तोंडानं कशी म्हणायची हे बहुतेक वर्गांत येतच नाही. मग मुलं जे दिसतं ते वाचतात. देवनागरीत वाढलेल्या माणसाची सवयच अशी की लिहिलंय ते म्हणायचं. आपल्या लिपीत हे बऱ्याच अंशी निभावतं, इंग्रजीत नाही.

छप्पन दुकानला किंवा कुठल्याही बऱ्या हॉटेलात गेलात की मेनूकार्ड नीट बघा. रोस्टेड पापड, सॉल्टेड काजू, टोस्टेड सँडविच. ग्रिल्ड सँडविच, फ्राइड राइस, बॉइल्ड एग. बेक्ड मॅकरोनी, स्टफ्ड कॅप्सिकम, मॅश्ड पोटॅटो. सगळ्यांच्या शेपटीला तीच ई-डी. पण इंग्रज माणूस पहिल्या तीन पदार्थांत 'इड' म्हणतो, पुढच्या तिनांत नुसता 'ड' आणि शेवटच्या तिनांत चक्क 'ट': बेक्ट, स्टफ्ट, मॅश्ट.

यामागचा नियम तुम्हाला पहिलीपासून येतो, फक्त तो इथे लागतो हे कोणी सांगितलेलं नसतं. वर्णमालेतली कुठलीही ओळ घ्या: क ख ग घ ङ. पहिली दोन व्यंजनं कठोर, पुढची तीन मृदू. मध्य प्रदेशात हिंदीतून शिकलेल्यांनी अघोष आणि सघोष म्हणा. गळ्यावर दोन बोटं ठेवून 'स्स्स' करा, काही जाणवणार नाही. आता माशी गुणगुणते तसं 'झ्झ्झ' करा, बोटांखाली थरथर होईल. सगळा फरक त्या थरथरीचा आहे.

तर ई-डी बाजूला काढा आणि उरलेल्या क्रियापदाचा शेवटचा आवाज ऐका. अक्षर बघू नका. 'बेक'च्या स्पेलिंगच्या शेवटी ई असली तरी कानाला क ऐकू येतो. 'लाफ'च्या शेवटी जी-एच, कानाला फ. आवाज कठोर असेल, म्हणजे क, प, फ, स, श, च यांपैकी, तर ई-डीचा ट होतो: आस्क्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, डान्स्ट, वॉश्ट, वॉच्ट. आवाज मृदू असेल किंवा शेवटी स्वर असेल तर ड राहतो: रॉब्ड, कॉल्ड, ओपन्ड, लिव्ह्ड, प्लेड. आणि क्रियापदच ट किंवा ड वर संपत असेल, तर त्याला चिकटून दुसरा ट-ड म्हणता येत नाही, म्हटला तरी ऐकू येत नाही. तिथे मध्ये एक छोटा इ घ्यावा लागतो: वॉण्टिड, नीडिड, व्हिजिटिड. पूर्ण जास्तीचं अक्षर फक्त इथेच. 'वॉण्टेड' बरोबर आणि 'आस्केड' चूक, ते यामुळे.

एक गंमत 'यूज' या क्रियापदाची. 'मी पेन वापरलं' म्हणताना यूझ्ड, पण 'मी पूर्वी जात असे' म्हणताना 'यूस्ट टू'. स्पेलिंग एकच.

संस्कृत घेतलेल्यांसाठी थोडं आणखी. आपल्याकडेही भूतकाळवाचक शब्द करणारा एक प्रत्यय आहे, 'त'. तप् + त = तप्त. लभ् + त = लब्ध. पत् + त = पतित. आता शेजारी स्टॉप्ट, रॉब्ड, वॉण्टिड ठेवा. प ला कठोर त चालला. भ मृदू, म्हणून त चाही मृदू ध झाला. त पुढे त आला तिथे मध्ये इ शिरला. सिद्ध, शुद्ध, क्रुद्ध हे सगळे त्याच वाटेचे. संस्कृतात सगळीकडे असंच होतं असं मात्र समजू नका. युज् चा युक्त होतो, आणि तो मधला इ लिखित, पठित अशा इतर शब्दांतही येतो. पण तोंडाची सोय दोन्हीकडे तीच. आणि नातंही आहे: इंग्रजी धातुसाधित विशेषणांतली ही ई-डी आणि आपला 'त' एकाच जुन्या प्रत्ययाची लेकरं आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

मग स्पेलिंगमध्ये ती ई कशाला ठेवली? कारण एकेकाळी ती म्हणत असत. जुन्या इंग्रजीत तिथे खरोखरच स्वर होता. शेक्सपिअरच्या काळापर्यंत दोन्ही उच्चार चालत, वृत्तात बसेल तो कवी घेई. पुढे बोलण्यातून स्वर गळत गेला आणि काहींना ते अजिबात रुचलं नाही. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टनं १७१२ साली इंग्रजी सुधारण्याबद्दल एक प्रस्ताव छापला. त्यात, कवींनी स्वर गाळून व्यंजनांवर व्यंजनं आदळवली आहेत अशी त्याची तक्रार आहे, आणि उदाहरणांत 'डिस्टर्ब्ड'सुद्धा आहे! स्विफ्ट हरला, पण जुने काही शब्द तग धरून राहिले. नेकिड, विकिड, क्रुकिड. आपल्या हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकील समोरच्या वकिलाला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतात, तिथे 'लर्न्ड' म्हणून चालत नाही.

आता जरा घरातलं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं कौतुकानं सांगतात, "बाबा अजून वर्केड, लुकेड म्हणतात, आम्ही खूप हसतो." एका घरात हे हसणं इतकं वाढलं की चाळीस वर्षं हिशेब सांभाळलेले गृहस्थ बँकेचा फोन आला की तो मुलाच्या हातात देऊ लागले. खात्याची माहिती त्यांना, आणि बोलणार मुलगा. फोनवरच्या माणसाला 'आय चेकेड द पासबुक' कळलं नसतं का? लगेच कळलं असतं.

उलट मुलांची चूक मला जास्त महागाची वाटते. ती भरभर बोलतात आणि ई-डी गिळून टाकतात. मुलाखतीत 'आय वर्क विथ अ टीम ऑफ टेन' ऐकलं की समोरचा समजतो, हा अजून तिथेच आहे. 'आय मॅनेज द अकाउंट्स' म्हटलं की विचारतात, मग सोडता कशाला? बाबांच्या 'वर्केड'मध्ये एक अक्षर जास्त आहे, पण काळ शाबूत आहे. मुलाच्या 'वर्क'मध्ये उच्चार झकास आणि काळ गायब. दोन्हींपैकी एकच सुधारायचं ठरलं, तर मी आधी मुलाला धरेन.

गिळण्याचा दोष सगळा आपला नाही, हेही सांगते. पुढचा शब्द व्यंजनानं सुरू झाला की इंग्रजांचाही ट-ड पुसट होतो, आणि 'आस्क्ट' या गुंत्यातला क तर त्यांच्यातले कितीतरी जण सोडून 'आस्ट' म्हणतात. आइस्क्रीम हे मुळात 'आइस्ड क्रीम', त्यातला ड कधीचाच विरघळला. आपल्या मेनूकार्डावरचं 'मिक्स व्हेज' त्याच रस्त्यानं चाललं आहे.

यावर सोपा उपाय आहे: ट-ड पुढच्या शब्दाच्या पदरात टाकायचा. 'वर्क्ट इन' असं तोडून म्हणू नका, 'वर्क-टिन' म्हणा. 'लुक्ट अ‍ॅट' म्हणजे 'लुक-टॅट', 'कॉल्ड अस' म्हणजे 'कॉल-डस'. रोज पाच वाक्यं मोठ्यानं म्हणा, स्वयंपाकघरात म्हटली तरी चालतील. पंधरा दिवसांत जीभ वळते, असा माझा अनुभव आहे.

स्पेलिंगचं थोडक्यात. 'हॉप' म्हणजे उडी मारणं, 'होप' म्हणजे आशा करणं. भूतकाळात पहिल्यात दोन पी, दुसऱ्यात एक. दुहेरी व्यंजन आधीच्या स्वराला आखूड ठेवतं. मराठीत किल्ला, चिठ्ठी, पुस्तक यांत जोडाक्षराआधीचा इकार-उकार ऱ्हस्व लिहितो, ते आठवा. शब्द मोठा असेल तर आघात बघायचा. 'प्रिफर', 'ऑकर' यांत जोर शेवटी, म्हणून आर दोनदा. 'ऑफर', 'व्हिजिट', 'ओपन' यांत जोर सुरुवातीला, म्हणून शेवटचं अक्षर एकदाच. ऑफिसच्या ईमेलांत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक 'ऑकर्ड'मध्ये एकच आर लिहिण्याची. 'ट्रॅव्हल' मात्र या नियमाला जुमानत नाही. ब्रिटिश आणि आपण दोन एल लिहितो, अमेरिकन एक, आणि कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढतो तो त्याची भाषा अमेरिकन ठेवलेली असते म्हणून. 'पॅनिक' आणि 'पिकनिक'ला ई-डीच्या आधी एक के लागतो, नाहीतर सी-ई पाहून वाचणारा 'पॅनिस्ड' म्हणेल. 'क्राय'च्या वायचा आय होतो, 'प्ले'चा होत नाही, कारण तिथे वायच्या आधी स्वर आहे. पे, ले, से ही तीन भावंडं त्यालाही अपवाद, ती पाठच करा.

पत्राच्या शेवटी तिनं आणखी एक विचारलं होतं: 'लर्न'चा भूतकाळ टी लावून लिहू की ई-डी लावून? दोन्ही बरोबर आहेत. ब्रिटिश वळणात टीचं रूप खूप दिसतं, अमेरिकेत ई-डीचं. तुझं ऑफिस ज्या देशाशी पत्रव्यवहार करतं त्यांचं घे, आणि एका ईमेलमध्ये एकच ठेव.